सीताखाईची वाट : भूगोलाचा एक पाठ

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात धबधब्याची व्याख्या एका ओळीत आटोपते. प्रवाहाचे पात्र एकाएकी खाली गेले म्हणजे पाणी उंचावरून कोसळते, त्यास धबधबा म्हणतात, एवढे पाठ करून विद्यार्थी परीक्षेत आपले गुण पदरात पाडून घेतो व पुढील प्रश्नाकडे वळतो. व्याख्या खोटी नाही. परंतु तीवरून पाणी कोठे पडते एवढेच कळते. ते येते कोठून, पाऊस थांबून पंधरा दिवस लोटले तरी ते येतच का राहते, आणि पुढे एके दिवशी ते यावयाचे का थांबते, हे तीवरून कळत नाही. ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो वर्गात बसून करण्यापेक्षा एका रानवाटेने चालत केला तर अधिक बरा, आणि अशी वाट आपल्याच जिल्ह्यात आहे. ती फार लांबची नाही व फार चढाचीही नाही. ज्या घरात सात-आठ वर्षांचे मूल व साठी उलटलेली आजी आहे, त्या घरानेही एका सकाळी सावकाश जाऊन यावे, अशी ती आहे. आम्ही तोरणमाळच्या सीताखाईविषयी बोलत आहोत.

नंदुरबार जिल्हा धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्या दृष्टीने तो वयाने लहान आहे. परंतु त्याची घडण फार जुनी. मधून तापी वाहते, तिच्या काठचे रान सपाट व काळे. उत्तरेस सातपुड्याची भिंत उभी, आणि त्या भिंतीच्या पलीकडच्या पायथ्याशी नर्मदा. ह्या दोन नद्यांच्या मध्ये, अक्राणी तालुक्यात, तोरणमाळचे पठार आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून अधिक भरते. यात्रेकरूंस ते गोरखनाथाच्या मंदिरामुळे व महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ठाऊक आहे, सहलीस जाणारांस यशवंत तलावामुळे. आम्हांस मात्र त्या पठाराच्या काठाशी काम आहे.

पाठाचा आरंभ तोरणमाळास पोहोचल्यावर होतो असे कोणी समजू नये. तो नंदुरबार सोडताच होतो. शहाद्याकडे जाताना मोटारीच्या खिडकीतून बाहेर पाहावे. शेतांच्या मधून काळ्या दगडांच्या अरुंद, लांबच लांब टेकड्या पूर्व-पश्चिम धावताना दिसतात. जणू कोणी गावाभोवती तट बांधावयास घेतला व पुरा न करता सोडून दिला. ह्या भिंती मनुष्याने बांधलेल्या नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ह्या प्रदेशात जमिनीस भेगा पडून तप्त शिलारस वर आला. तो भेगांतच थिजला, त्याच्या ह्या भिंती झाल्या. पुढे आजूबाजूची नरम जमीन झिजून गेली आणि भिंती उघड्या पडल्या. भूगर्भशास्त्रज्ञांनी नंदुरबार-धुळे भागात अशा दोनशेहून अधिक भिंती मोजल्या असून त्यांतील काहींची लांबी ५० किलोमीटरांपेक्षा जास्त आहे. इंग्रजीत त्यांस ‘डाइक’ असे नाव आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या शेताच्या बांधाशी अशी टेकडी येऊन थांबते, त्यांनी आपल्या घराशेजारी केवढी वस्तू उभी आहे हे लक्षात घ्यावे.

शिलारस जेथे भेगांतून उतू गेला तेथे तो सपाट पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर रचून दख्खनचे पठार झाले. ह्या खडकास शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द मूळचा स्वीडिश भाषेतला, आणि त्याचा अर्थ पायरी. दूरून पाहिले असता डोंगराच्या अंगावर ह्या थरांच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, म्हणून हे नाव. आता म्हसावद, राणीपूर मागे टाकून आपण पायथ्याशी येतो व घाट चढू लागतो, तो त्या घाटाचे नाव काय? सात पायरी घाट! ज्याने हे नाव ठेविले त्याने स्वीडिश भाषेचे नावही ऐकले नसेल; परंतु डोंगर पाहणाऱ्या दोन माणसांस एकच उपमा सुचावी, ह्यात डोंगराचीच साक्ष आहे.

घाटात एक लहान गणित करता येते. तापीकाठचे मैदान समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे आपण सुमारे एक हजार मीटर वर चढलो. दर हजार मीटरांस हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, असा सर्वसाधारण नियम आहे. शहाद्यास तापमापकावर ३२ अंश असतील तर वर किती असावेत, हे प्रत्येकाने आधी वहीत मांडावे व वर पोहोचल्यावर पडताळून पाहावे. उत्तर अगदी तंतोतंत येणार नाही. ढग, वारा, वेळ ह्यांनी फरक पडतो. तो का पडला ह्याची चर्चा मुलांत आपोआप सुरू होते, आणि उत्तरापेक्षा ती चर्चा मोलाची.

ऋतूविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ऐन आषाढ-श्रावणात लहान मुलांस घेऊन सीताखाईस जाऊ नये. त्या दिवसांत पाणी भरपूर असते खरे, पण धुके एवढे दाट उतरते की समोरचे झाड दिसत नाही, मग कडा कोठून दिसावा? खडकावर शेवाळ असते. भाद्रपद संपत आला, पावसाची झड उघडली आणि ओहोळ मात्र अजून वाहत आहेत, असे जे दोन-चार आठवडे मिळतात, ते कुटुंबासाठी उत्तम. आमच्या पाठासाठीही तेच उत्तम; कारण आपणांस पाऊस पाहावयाचा नसून पाऊस गेल्यानंतरचे पाणी पाहावयाचे आहे.

गावातून पठाराच्या काठाकडे निघावे. ही वाट पायी चालण्यातच सार्थक आहे. पुढे एक मोठे माणूस, मागे एक मोठे माणूस आणि मध्ये मुले, हा क्रम परत येईपर्यंत मोडू नये. पायांत बोटे झाकणारी वहाण किंवा बूट असावा. सोबत पिण्याचे पाणी, भाकरी-चटणी आणि प्रत्येकी एक रिकामा तांब्या. तांब्या कशासाठी, ते पुढे येईलच.

रान पानगळीचे आहे. साग तर सर्वांच्या ओळखीचा. त्याच्या कोवळ्या पानाचा चुरा तळहातावर चोळला तर हात तांबडा होतो, हे मुलांना करून पाहू द्यावे. याशिवाय मोह, धावडा, सालई, टेंभुर्णी, चारोळी, आवळा आणि मध्येच बांबूचे बेट. ह्या झाडांची नावे आम्ही येथे लिहिली खरी, पण वाटेवर त्यांची ओळख करून देण्याचा अधिकार आमचा नव्हे. अक्राणीकडून आलेला एखादा पावरा अथवा भिल्ल विद्यार्थी बरोबर असेल तर त्यास पुढे घालावे. वर्गात मराठी व्याकरणाच्या तासाला जो खाली मान घालून बसतो, तोच येथे कोणत्या झाडाच्या सालीचा दोर वळतात, कोणत्या पानाची पत्रावळ टिकते, मोहाचे फूल कोणत्या प्रहरी वेचतात, आंब्याच्या फोडी आमचूरासाठी कशा सुकवितात, हे सहज सांगू लागतो. शहरातली मुले तोंडात बोट घालून ऐकतात. पालकहो, आपल्या मुलाने हे ऐकावे. त्याच्या वर्गमित्राच्या घरी शेकडो पुस्तके नसतील, पण एक अख्खे रान पाठ आहे.

आता तांब्याचा प्रयोग. वाटेत एक अशी जागा निवडावी की जेथे पायवाट व दाट झाडी शेजारी शेजारी आहेत आणि उतार सारखाच आहे. एका मुलाने एक तांब्या पाणी पायवाटेवर हळूहळू ओतावे. माणसांच्या व गुरांच्या पायांनी ती जमीन चेपून घट्ट झालेली असते. पाणी क्षणभर थबकते, मग धूळ व माती पोटात घेऊन खाली धाव घेते. दहा पावलांवर ते चहाच्या रंगाचे झालेले दिसते. दुसऱ्याने तितकेच पाणी, तितक्याच सावकाश, झाडाखालच्या पाचोळ्यावर ओतावे. ते कोठे जाते? बहुधा कोठेच जाताना दिसत नाही. पाचोळा ओला होतो, खालची काळी भुसभुशीत माती ते पिऊन टाकते. हाताने पाने बाजूला सारून बोट खुपसून पाहावे. बोट सहज आत जाते. पायवाटेवर तेच बोट खुपसू गेल्यास नख दुखते.

ह्या दोन तांब्यांत धबधब्याचे सारे रहस्य आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पाऊस सगळ्या डोंगरावर सारखाच पडतो. उघड्या, चेपलेल्या उतारावर पडलेला पाऊस घटकाभरात ओढ्यात उतरतो, ओढा फुगतो, लाल होतो, गर्जना करतो, आणि दुसऱ्या दिवशी रिकामा होतो. झाडीत पडलेल्या पावसाचा बराच भाग जमिनीत मुरतो. कातळाच्या वर जो मुरूम असतो त्यातून, आणि कातळाला ज्या भेगा व सांधे असतात त्यांतून, तो मुंगीच्या पावलाने खाली सरकतो. वाटेत एखादा घट्ट, अखंड थर आडवा आला की तेथे त्याची वाट खुंटते; मग तो त्या थरावरून आडवा वाहत जाऊन दरीच्या कुशीत बाहेर पडतो. त्यालाच आपल्या भागात झिरा म्हणतात. अशा अनेक झिऱ्यांचे पाणी मिळून ओहोळ जिवंत राहतो. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले तरी कड्यावरून जी धार पडत असते, ती ह्या पंधरा दिवसांतल्या पावसाची नव्हे. ती मागील दोन-तीन महिन्यांच्या पावसाची, आणि ती साठवून ठेवण्याचे काम ज्या कोठाराने केले त्यातूनच आपण चालत आलो.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. शालेय निबंधांत ‘झाडे पाणी निर्माण करतात’ असे वाक्य हटकून आढळते. झाडे पाणी निर्माण करीत नाहीत. उलट ती स्वतः पुष्कळ पाणी पितात व पानांवाटे हवेत सोडतात. एखाद्या डोंगरावरील सर्व झाडे तोडली तर वर्षभरात ओढ्यातून वाहून जाणारे एकूण पाणी कदाचित् वाढेलही. पण ते येईल कधी? चार दिवसांच्या पुरात, माती घेऊन. जंगलाचे उपकार पाणी वाढविण्यात तितके नाहीत, जितके ते पाणी वर्षभर पुरवून पुरवून देण्यात आहेत. घरातील शहाणी गृहिणी पगार वाढवीत नाही. परंतु महिनाअखेर चूल पेटती ठेवते. विद्यार्थ्यांनी निबंधात हे लिहावे; गुण कमी पडणार नाहीत.

झाडी विरळ होते, वारा अंगावर येऊ लागतो आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो. येथे मुलांचा वेग आपोआप वाढतो. म्हणून मोठ्यांनी येथेच सर्वांस थांबवावे व हात धरावयास सांगावे. सीताखाई ही पठाराच्या काठाला पडलेली खोल घळ आहे. आपण वरून तिच्याकडे येतो, खालून नव्हे. म्हणजे धबधबा दृष्टीस पडण्यापूर्वी कडा पायाखाली येतो. जेथे कठडा आहे तेथे कठड्याच्या अलीकडे, आणि जेथे नाही तेथे कड्यापासून चांगले दहा पावले मागे थांबावे. पुढे डोकावून छायाचित्र घेण्याचा मोह तरुणांस फार होतो. पण कड्यावरचे गवत ज्या मातीवर उगवले आहे ती माती कधी कधी हवेतच लोंबत असते, तिच्याखाली खडक नसतो. असे का असावे, ह्याचे उत्तर धबधब्याच्या घडणीत आहे.

समोरच्या कड्याकडे नीट पाहा. तो एकजिनसी नाही. काही थर काळे, घट्ट, उभ्या चिरा पडलेले; काही थर तांबूस-करडे, ठिसूळ, बारीक छिद्रांचे. शिलारस थिजत असता त्याच्या वरच्या अंगास वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची ही छिद्रे. पुढे त्यांत पांढरे स्फटिक भरले. दख्खनच्या कड्यांत कोठे कोठे दोन थरांच्या मध्ये गेरूसारख्या लाल मातीचा पट्टाही असतो. एक थर थिजल्यावर दुसरा येण्यापूर्वी जो काळ गेला, त्यात झालेली ती जमीन. वरचा तप्त थर तिच्यावर पसरला आणि ती विटेसारखी भाजून निघाली. आता पाणी घट्ट थरावरून उडी घेते. त्या थरास ते फारसे झिजवू शकत नाही. परंतु खाली जाऊन आदळते तेथे कुंड खणते, आणि कुंडातील उसळत्या पाण्याने व तुषारांनी मागचा नरम थर खात जाते. होता होता वरचा घट्ट थर पुढे आलेल्या वळचणीसारखा अधांतरी राहतो. मग एके दिवशी चिरांवरून त्याचा तुकडा सुटतो आणि खाली कोसळतो. धबधबा तितका मागे सरतो. कुंडाभोवती जे अजस्र धोंडे पडलेले दिसतात ते अशाच तुकड्यांचे.

म्हणजे धबधबा एका जागी उभा नाही; तो डोंगर कापीत मागे चालला आहे, आणि त्याने कापलेली वाट हीच खाई. उत्तर अमेरिकेतील नायगरा येथेही हाच प्रकार आहे. तेथे वर कठीण चुनखडक व खाली नरम शेल आहे. सुमारे बारा हजार वर्षांत तो धबधबा अंदाजे ११ किलोमीटर मागे सरला. आपल्या काळ्या खडकाचा सरकण्याचा वेग नायगराइतका नाही, कारण तेवढे पाणी आपल्या ओहोळास नाही व तेही बारमाही नाही. परंतु कृती तीच. ज्या कड्याखालून पाणी खडक खात आहे त्याच्या टोकाशी जाऊन उभे राहू नये, हा शिस्तीचा नियम भूगर्भशास्त्रानेच घालून दिलेला आहे.

उतरून ओहोळात खेळण्याचा हट्ट मुले धरतात. धबधब्याच्या वरच्या अंगाला, कड्याजवळच्या प्रवाहात, घोटाभर पाण्यातही कोणास जाऊ देऊ नये. तेथील गुळगुळीत कातळावर सावरावयास वेळ मिळत नाही. कड्यापासून दूर, उथळ व संथ पाण्यात पाय बुडवावयास हरकत नाही; परंतु एका मोठ्या माणसाने केवळ वरच्या दिशेकडे डोळे लावून बसावे. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी दोन कोस पलीकडे पाऊस पडत असू शकतो. स्वच्छ पाणी अकस्मात् गढूळ होऊ लागले, त्यात पाने व काटक्या वाहू लागल्या, किंवा आवाजात बदल झाला, तर वस्तू गोळा करीत न बसता सर्वांनी ताबडतोब उंचावर जावे. हे वाक्य घरी निघण्यापूर्वी मुलांकडून पाठ करून घ्यावे. आम्ही ते आमच्या विद्यार्थ्यांकडून घेतो.

आता बसून भाकरी खावी. बसल्या बसल्या दोन गमती सांगता येतील. पहिली इंद्रधनुष्याची. सूर्य पाठीमागे असेल आणि तुषार समोर असतील तरच ते दिसते. आपल्या सावलीच्या मस्तकापासून सुमारे ४२ अंशांवर ते उमटते. सूर्य डोक्यावर आला की सपाट जमिनीवरून ते दिसत नाही, परंतु खाईच्या काठावरून खाली पाहणाऱ्यास दुपारीही त्याचा तुकडा सापडण्याचा संभव असतो. सूर्य कोठे आहे व धार कोठे आहे हे पाहून कोणत्या प्रहरी धनुष्य दिसेल, हे मुलांनी आधी सांगावे.

दुसरी गंमत जूल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची. गती खर्ची पडली की तिची उष्णता होते, हे त्यांनी सिद्ध केले. १८४७ साली, लग्न होऊन थोडेच दिवस झाले असता, ते आल्प्स पर्वतात सपत्नीक गेले होते. तेव्हा त्यांच्याजवळ मोठा तापमापक होता व धबधब्याच्या वरचे आणि खालचे पाणी मोजून पाहण्याची त्यांची खटपट चालली होती, अशी आठवण विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळचे लॉर्ड केल्व्हिन, सांगत असत. तेथील पाणी तुषार होऊन विखुरले, म्हणून मोजणे साधले नाही. गणिताने पाहता ४२७ मीटर उंचीवरून पडलेले पाणी जेमतेम एक अंशाने तापते. मग ४० मीटरांच्या धारेचे पाणी किती तापेल? एका अंशाचा दहावा हिस्सादेखील नाही. तळहाताला ते कळणार नाही. बुद्धीला मात्र कळते.

परंतु पाण्याच्या पडण्यात जी शक्ती असते ती एवढीशी नव्हे. ह्याचा दाखला आपल्याच अक्राणी तालुक्यात आहे. नर्मदेच्या खोऱ्यात, उदई नदीवर बिलगाव नावाचे गाव आहे. तेथील लोकांनी केरळातील अभियंत्यांच्या साहाय्याने व स्वतःच्या श्रमदानाने ओढ्यास बांध घातला, पडणारे पाणी नळातून यंत्रावर सोडले, आणि २००३ साली १५ किलोवॅटचे वीजगृह चालू केले. नऊ वॅटचे सोळाशेहून अधिक दिवे पेटतील एवढी ही वीज. गणित विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे. समजा, दहा मीटर उंचीवरून दर सेकंदास दोनशे लिटर पाणी पडते. तर २०० × ९.८ × १० म्हणजे १९,६०० वॅट शक्ती झाली. यंत्रात व तारांत सुमारे चतुर्थांश गमावली असे धरले तरी पंधरा किलोवॅटच्या जवळ आपण येतो. म्हणजे ज्या धारेखाली आपण नुसते ‘अहाहा’ म्हणून परत येतो, तेवढ्या धारेवर एका गावाची रात्र उजळते. पुढे २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्यात ते वीजगृह बुडाले. लहान पाण्याने दिलेला दिवा मोठ्या पाण्याने विझविला. धरणांच्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. परंतु आपल्या जिल्ह्याचा इतिहास शिकताना बिलगावचे नाव गाळू नये, एवढे आम्ही आग्रहाने म्हणतो.

आता लेखारंभीचा तिसरा प्रश्न राहिला : धार थांबते का? हिवाळा सरत जातो तसे जमिनीतील कोठार रिते होऊ लागते. वरचे झिरे आधी आटतात, मग खालचे. कड्यावरची धार दोरीएवढी होते, मग दोऱ्याएवढी, आणि शेवटी खडकावर एक ओला डाग राहतो. सहलीस जाणारांच्या दृष्टीने तेव्हा हंगाम संपलेला असतो. परंतु अक्राणीच्या पाड्यांवरील माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न तेव्हाच उभा राहतो. कारण जे पाणी कड्यावरून पडताना आपणांस देखावा वाटते, तेच पाणी डोंगराच्या कुशीत झिऱ्याला लागते तेव्हा ते कोणाच्या तरी घरचे पिण्याचे पाणी असते. फाल्गुन-चैत्रात झिरा आटला की हंडा घेऊन दुसऱ्या, अधिक खोलच्या झिऱ्याला उतरावे लागते. तेथे वाटीने पाणी भरावे लागते, आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तोच डोंगर चढावा लागतो. हे काम बहुधा आई करते, किंवा थोरली बहीण करते. ज्या मुलींची मार्च महिन्यातील गैरहजेरी आमच्या हजेरीपटावर लाल शाईने मांडली जाते, त्यांतील काहींचे कारण अभ्यासाचा कंटाळा नसून आटलेला झिरा असते. शिक्षकांनी शिक्षा करण्यापूर्वी चौकशी करावी.

दोन तांब्यांचा प्रयोग येथवर येऊन पोहोचतो. उतारावरची झाडी जितकी राहील तितका झिरा उशिरा आटेल. पंधरा दिवस उशिरा आटला तर पंधरा दिवसांचे चढणे वाचले. म्हणून रानवाटेवर एखाद्याने सहज म्हणून रोपटे उपटले, किंवा पाचोळ्याला काडी लावली, तर तो खेळ म्हणून सोडून देऊ नये. चैत्रातला वणवा मोठी झाडे सहसा मारीत नाही, पण पाचोळा मात्र जाळून टाकतो, आणि पुढच्या ज्येष्ठात पहिल्या पावसाचे थेंब उघड्या मातीवर पडतात. खाद्यपदार्थांची वेष्टने व बाटल्या आपल्या पिशवीतच परत आणाव्या, हे तर सांगावयासही नको. ओहोळात टाकलेली वस्तू ओहोळ खालच्या गावाला नेऊन देतो.

पवित्र शास्त्रातील बेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीचे वर्णन करतो, आणि त्याच स्तोत्रात पुढे धबधब्यांच्या आवाजाचा उल्लेख येतो. उपासनेच्या वेळी आपण ते अनेकदा वाचतो. तहान आणि धबधबा एका स्तोत्रात कसे आले, असे एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले होते. सातपुड्यात राहणारास हा प्रश्न पडू नये. येथे आश्विन आणि वैशाख ह्यांच्यामध्ये सहा महिन्यांचेच अंतर आहे.

परतीच्या वाटेवर मुले दमलेली असतात, तेव्हा नवे काही सांगू नये. घरी आल्यावर मात्र एक काम उरते. जिल्ह्याचा नकाशा पुढे घेऊन तोरणमाळच्या पठारावर बोट ठेवावे, आणि त्याच्या चारी अंगांनी उतरणाऱ्या ओढ्यांपैकी कोणते नर्मदेस मिळतात व कोणते तापीस, हे निळ्या रेघांवरून शोधावे. एकाच गावात शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन निरनिराळ्या नद्यांनी समुद्रास मिळतात, हे बोटाने रेघ गिरवून पाहिले म्हणजे पाणलोटाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आणि वसतिगृहातील ज्या विद्यार्थ्यांची गावे सातपुड्यात आहेत, त्यांच्यासाठी एक निराळे काम. दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर आपल्या पाड्याच्या ओहोळाची रुंदी पावलांनी मोजून वहीत लिहावी. नाताळात पुन्हा मोजावी. पुढे ज्या दिवशी धार तुटेल त्या दिवसाची तारीख घरच्यांकडून विचारून ठेवावी, व कोणता झिरा शेवटपर्यंत टिकला आणि त्याच्या वरच्या उतारावर काय उभे आहे, झाडी, शेत की उघडा मुरूम, तेही लिहावे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ह्या वह्या भूगोलाच्या वर्गात आणाव्या; आम्ही त्यांतील आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडू.